बंदूक नको म्हणतात, मग या पाहुण्यांना सांभाळू कसं?

प्रश्न :

ताई, रामराम.

मी पारोळा तालुक्यातला. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीत असताना संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला जाऊन आलो होतो. त्या अनुभवावर आता तिथल्याच जोंगलेई राज्यात एका परदेशी मदतसंस्थेत सुरक्षा अधिकारी म्हणून लागलोय. संस्थेचा दवाखाना आहे, पाण्याचं काम आहे. डॉक्टर, नर्स, इंजिनियर असे वीसेक स्वयंसेवक बाहेरच्या देशांतले, बाकी शंभरावर माणसं तिथलीच. सध्या आखाजीसाठी सुट्टीवर घरी आलोय.

मी निघायच्या आठवडाभर आधी दवाखान्याच्या फाटकाला एक चिठ्ठी अडकवलेली सापडली. 'परदेशी लोकांनी पावसाआधी निघून जावं, नाहीतर परिणाम भोगा.' खाली एका बंडखोर गटाचं नाव. मी साहेबांना म्हटलं, चार बंदूकधारी ठेवू. ते म्हणाले, आपल्या आवारात बंदूक येणार नाही, संस्थेचा नियम आहे. मग मी काय हाताची घडी घालून बसू? त्यात ही मंडळी ऐकत नाहीत. एक नर्स रोज पहाटे एकटी पळायला जाते. बोललो तर 'तुम्ही मिलिटरीवाले' म्हणून हसतात. इकडे मित्रांनी माझा फोटो आणि संस्थेचं नाव टाकून चौकात फ्लेक्स लावलाय, आणि बायको म्हणते, 'आते बस झायं, घरच ऱ्हा.' मुलगा जळगावला शिकतोय, त्याची फी आहे. जाऊ की नको? आणि गेलो तर या लोकांना सांभाळू कसं?

– एक निवृत्त सुभेदार

उत्तर :

सुभेदारसाहेब, रामराम.

आधी बंदुकीचं बोलू. तुमचे साहेब बरोबर आहेत, आणि का ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक असणार. ९ एप्रिल २०१३ रोजी जोंगलेईतच गुमुरुकजवळ संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला. ताफ्याचं रक्षण करणारे आपलेच जवान होते. लेफ्टनंट कर्नलसह पाच जण गेले आणि सोबतचे सात नागरिकही गेले. त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अकोबोतल्या तळावर सशस्त्र तरुणांचा जमाव चालून आला. त्यांना तळात आसरा घेतलेली माणसं हवी होती. तिथंही आपले दोन जवान पडले. हे सगळे शिकलेले, शिस्तीतले, हत्यारबंद सैनिक. तुम्ही म्हणताय ते चार जण महिन्याच्या पगारावर आणलेले असतील. पन्नास माणसं चालून आली तर ते चौघे पहिली गोळी झाडतील एवढंच, आणि त्यानंतर तुमचा दवाखाना दवाखाना राहणार नाही, ठाणं होईल.

शिवाय ते चौघे कुणाचे? जोंगलेईत डिंका, न्यूएर, मुर्ले यांची वैरं किती जुनी आहेत ते तुम्ही पाहिलंय. फाटकावर एका जमातीचा बंदूकधारी उभा राहिला की दुसऱ्या जमातीची बाई तापलेलं लेकरू घेऊन आत यायची नाही. तिचा नवरा, दीर यांच्या लेखी तुम्ही त्या दिवसापासून एका बाजूचे. आणि खुद्द बंदूक हीच तिथं लुटण्याजोगी वस्तू आहे. म्हणून तर अनेक मदतसंस्था गाडीच्या काचेवर बंदुकीवर लाल फुली मारलेलं चित्र लावतात. गाडी अडवणाऱ्याला ते लांबून दिसलं पाहिजे, की यांच्याकडे हिसकावण्यासारखं हत्यार नाही आणि हे उलट गोळी घालणार नाहीत.

याचा अर्थ हात बांधून बसा असा नाही. उलट तुमचं काम बंदूकवाल्यापेक्षा जास्त कटकटीचं आहे. त्याला फाटकावर उभं राहायचं असतं, तुम्हाला गावभर हिंडायचंय.

धडगाव, मोलगीकडे कधी फिरला असाल तर आठवून पाहा. सातपुड्यातल्या पाड्यावर अनोळखी पांढरी जीप चढताना दिसली की निम्मी माणसं रानात. वनखात्याची आहे की पोलिसांची, कुणाला ठाऊक? तीच जीप, पण पुढच्या सीटवर पाड्यातली आशाताई बसलेली असली तर पोरं धावत येतात. जोंगलेईत तुमच्या गाडीत पुढे कोण बसतं? ड्रायव्हर कुठल्या जमातीचा आणि कुठल्या रस्त्यावर त्याला पाठवताय? हे दोन प्रश्न रोज सकाळी गाडी निघायच्या आधी विचारा. एखादा ड्रायव्हर 'आज त्या बाजूला नको' म्हणाला तर कारण काढायला बसू नका, गाडी थांबवा. कारण तो चारचौघांत सांगणार नाही. संध्याकाळी चहा देताना विचारा, तेव्हा कळेल.

आता ती चिठ्ठी. तुम्ही ती बंडखोरांची धरून चाललात, कारण खाली त्यांचं नाव होतं. मी धरणार नाही. मला आधी हे बघावंसं वाटेल, की गेल्या दोन-तीन महिन्यांत संस्थेने कुणाला कामावरून काढलं, गाड्यांचं कंत्राट कुणाचं गेलं, नवीन भरतीत बाहेरगावची पोरं किती घेतली. जुलै २०१८ मध्ये दक्षिण सुदानातल्याच माबानमध्ये मदतसंस्थांच्या आवारांवर हल्ले झाले, सामान लुटलं, जाळलं. करणारे बंडखोर नव्हते, तिथलीच तरुण पोरं होती. नोकऱ्या बाहेरच्यांना जातात, आम्हाला नाही, हा त्यांचा राग होता. आठवडेच्या आठवडे ती खदखद बाजारात ऐकू येत असते. संस्थेचे साहेब लोक मात्र त्या वेळी राजधानी जुबाच्या ईमेलला उत्तरं देत बसलेले असतात.

तेव्हा चिठ्ठीचा कागद जपून ठेवा, फोटो काढून सगळ्यांना फॉरवर्ड करू नका. भाषा कोणती, अक्षर शिकलेल्याचं की कसंबसं काढलेलं, कागद वहीचा की कार्यालयाचा, मुदत का दिली, पैसे का मागितले नाहीत, हे सगळं टिपून ठेवा. मग गावच्या प्रमुखाकडे जा. एकटे जाऊ नका, तुमच्या तिथल्या सहकाऱ्याला पुढे करा आणि तुम्ही मागे बसा. बाजारात चहा विकणाऱ्या बायका, दवाखान्यात रोग्याजवळ राहणाऱ्या आज्या, गुरं राखणारी पोरं यांच्या कानावर काय आलंय ते तुमच्या माणसांकरवी काढा. तिथल्या स्वयंसेवी संस्थांचा जुबात फोरम आहे, संयुक्त राष्ट्रांचा सुरक्षा विभाग आहे, आणि मदतीच्या वाटा मोकळ्या ठेवण्यासाठी बोलणी करणारं त्यांचं वेगळं कार्यालय आहे. अशीच चिठ्ठी शेजारच्या संस्थेलाही आलीय का, हे त्यांच्याकडून कळेल. ज्या गटाचं नाव लिहिलंय त्याच्यापर्यंत निरोप जायला हवा, 'हे तुमचं आहे का?' पण तो निरोप तुम्ही न्यायचा नाही. तुम्ही माजी फौजी आहात, त्या भागात गणवेशात फिरलेले आहात. एखाद्याने चेहरा ओळखला तर संस्थाच हेर ठरेल. हे काम साहेबांचं, आणि तेही ज्याला त्या गटाशी बोलायचा सराव आहे अशा माणसाला मध्ये घालून.

'हे आमचं नाही' असं उत्तर आलं तर गावात बसून तोडगा काढता येतो. भरतीची यादी झाडाखाली सगळ्यांसमोर वाचून दाखवा, गाड्या आळीपाळीने भाड्याने घ्या, निम्मा राग तिथंच निवळतो. पण 'हो, आमचंच आहे' असं आलं, किंवा काहीच आलं नाही, तर गोष्ट वेगळी.

कारण लोकांनी आपलं मानलं म्हणून सगळे वाचतात असं नाही, हेही लख्ख सांगते. २०१८च्या मार्चमध्ये नायजेरियाच्या बोर्नो राज्यात रान नावाच्या गावातून रेड क्रॉसच्या दोन सुईणी पळवल्या. दोघीही तिथल्याच, तिथल्याच बायांची बाळंतपणं करणाऱ्या. सगळीकडून विनवण्या झाल्या. एकीला सप्टेंबरात मारलं, दुसरीला ऑक्टोबरात. ज्या गटाला तुमच्या असण्याचाच राग आहे त्याच्यापुढे तुमची सेवा, तुमचा चांगुलपणा कामाला येत नाही. सीमाविरहित डॉक्टरांच्या संघटनेने सोमालियात २२ वर्षं काम केलं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये सगळं गुंडाळून ती बाहेर पडली. ज्या पुढाऱ्यांशी बोलून सुरक्षिततेची हमी घ्यायची, तेच हल्ले आणि अपहरणं चालवून घेत होते, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. एवढ्या मोठ्या संघटनेला निघावं लागलं, तर तुमच्या संस्थेने निघण्यात कमीपणा कसला?

आणि लढणाऱ्यांना दवाखान्याचं ठिकाण कागदावर कळवलं म्हणून निश्चिंत राहू नका. ३ ऑक्टोबर २०१५ला त्याच संघटनेच्या अफगाणिस्तानातल्या कुंदूझच्या दवाखान्यावर अमेरिकी विमानाने मारा केला, ४२ माणसं मेली. दवाखाना नेमका कुठं आहे ते आधीच कळवलेलं होतं. कळवायचंच, दोन्ही बाजूंना कळवायचं, पण कळवलं म्हणजे वाचलो असं समजायचं नाही.

तुमच्या चिठ्ठीत 'पावसाआधी' म्हटलंय, ते मला सगळ्यांत जास्त खटकलं. लिहिणाऱ्याला तिथला हंगाम पाठ आहे. मे महिन्यापासून जोंगलेईतली काळी जमीन पाणी पिते, मग ट्रक रुततात, रस्ते महिनोन् महिने बंद पडतात. मातीची धावपट्टी एका जोरदार सरीनंतर विमान उतरवण्याजोगी राहत नाही. म्हणजे जूनमध्ये काही घडलं तर तुम्हाला वीस जणांना बाहेर काढायला ना रस्ता ना विमान. म्हणून माझं सरळ म्हणणं, परत गेल्यावर पहिला आठवडा यातच घाला. वीसचे आठ करा. शस्त्रक्रिया करणारे, बाळंतपण बघणारे आणि पाण्याचे पंप चालते ठेवणारे राहू देत. हिशेब लिहिणारे, प्रशिक्षण घेणारे, पाहणीला आलेले जुबात बसून काम करतील. संख्या कमी केली की गाड्या कमी, फेऱ्या कमी, रात्री मोजायची डोकी कमी. साहेबांना हे 'माघार' म्हणून सांगू नका, 'पावसाळी मांडणी' म्हणा. साहेबांना असले शब्द आवडतात.

जे राहतील त्यांच्यासाठी तीन गोष्टी लिहून हव्यात. बाहेर गोळीबार सुरू झाला आणि निघता येत नाही, तर आत कुठल्या खोलीत किती दिवस राहायचं, तिथं पाणी, धान्य, औषधं, रेडिओची बॅटरी किती. जवळच्या सुरक्षित गावी हलायचं तर कुठल्या रस्त्याने, कुणाच्या परवानगीने. आणि देश सोडायचा तर निर्णय कुणी, कुठल्या खुणेवर घ्यायचा. ती खूण आधी ठरवायची. बाजार अचानक रिकामा झाला, बाया-पोरं सामान डोक्यावर घेऊन निघाली, गुरं एका दिशेने हाकली जाऊ लागली, तर जुबाच्या फोनची वाट बघायची नाही. गोळ्या ऐकू येईस्तोवर थांबलं की बहुधा उशीर झालेला असतो.

आता ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही त्यांच्याबद्दल. 'वीसेक बाहेरचे, बाकी शंभरावर तिथलेच' एवढं लिहून तुम्ही पुढे गेलात. २०२४ साली जगभरात ३८०हून जास्त मदत कर्मचारी मारले गेले, तोवरचा सगळ्यांत मोठा आकडा. त्यातले बहुतेक आपापल्या देशातच काम करणारे होते. पळवून नेला की बातमी होते परदेशी माणसाची, पण रस्त्यावर आधी मरतो तो ड्रायव्हर. २५ मार्च २०१७ला जुबाहून पिबोरला निघालेल्या सहा मदत कर्मचाऱ्यांना वाटेत गाठून मारलं, त्या रस्त्यावरून तुम्हीही गेला असाल. परदेशी लोक विमानात बसून जातात, मागे दवाखान्याच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला राहतात त्याला हल्लेखोर विचारतात, 'पैसे कुठं आहेत, गोऱ्यांना का जाऊ दिलंस?' त्या शंभर जणांसाठी योजनेत काय आहे? त्यातले किती दुसऱ्या जिल्ह्यातून आलेत आणि त्यांना त्यांच्या गावी सोडायची सोय कुणाकडे? दोन-तीन महिन्यांचा पगार आगाऊ हातात मिळेल का? संस्थेचं ओळखपत्र जवळ ठेवायचं की जाळायचं, हे त्यांना आधी सांगितलंय का? स्वयंसेवक तुमचं ऐकत नाहीत, ठीक. हे शंभर जण तुमचं ऐकतात की नाही यावर वीस जणांचा जीव आहे. त्यांना कळलं की योजनेत आपलं नाव नाही, तर बाजारात ऐकलेलं ते तुम्हाला का सांगतील?

आता पळणारी नर्स. मी स्वतः नर्स म्हणून अशा आवारांत राहिलेय, म्हणून तिची बाजू आधी सांगते. दिवसभर रक्त, रडणं, गर्दी. संध्याकाळी सहानंतर फाटक बंद, तेच चार चेहरे, तोच डाळभात. पहाटेचा तो अर्धा तास तिला वेड लागू देत नाही. तुम्ही 'जाऊ नका' म्हणालात तर ती मान हलवेल आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या आधी उठेल. त्यापेक्षा तिच्याबरोबर बसा आणि तिला तिचाच रस्ता सांगायला सांगा. रोज तीच वेळ, तीच वाट, तेच वळण. टपून बसलेल्याला यापेक्षा काय हवं? मग दोघं मिळून पर्याय काढा. आवाराच्या आतून फेऱ्या, नाहीतर जोडीने, वेळ बदलून, रेडिओ कंबरेला लावून. चिठ्ठीचा सोक्षमोक्ष लागेपर्यंत मात्र फक्त आत. इथं तुमचा आवाज फौजी निघाला तरी चालेल.

नियम थोडेच ठेवा आणि प्रत्येकाचं कारण सांगा. 'रात्री गाडी नाही', याचं कारण, अंधारात नाक्यावर दोरी धरून बसलेला माणूस दिसत नाही आणि त्यालाही तुमचं निशाण दिसत नाही. 'ड्रोन नाही, रस्त्यात फोटो नाही', याचं कारण, तिथं दुर्बीण आणि कॅमेरा म्हणजे शत्रूचा डोळा. 'आज कुठं आहोत ते फेसबुकवर नाही, पुढच्या महिन्यात टाका.' आणि एक नियम वरच्यांसाठीसुद्धा, कुणीही 'मला जायचं नाही' म्हणाला तर त्याला गाडीत बसवायचं नाही. ना त्याचा साहेब, ना जुबा, ना मुख्यालय. 'चला' म्हणायला सगळ्यांचं एकमत लागतं, 'थांबा' म्हणायला एकाचं तोंड पुरतं.

रस्त्यावरच्या नाक्याचं मात्र पाठांतर करून घ्या, अगदी कवायत म्हणून. रस्त्यावर आडवी दोरी, तिला प्लास्टिकच्या पिशव्या नाहीतर मोकळ्या बाटल्या बांधलेल्या. बाजूला झाडाखाली तिघं-चौघं, त्यातला एखादा पंधरा वर्षांचा, पायात चप्पल, खांद्यावर एके-४७. गाडी लांबूनच हळू करायची. काच खाली, गॉगल काढायचा, हात डॅशबोर्डवर दिसतील असे. बोलायचं ड्रायव्हरने, बाकीच्यांनी नुसतं तिथल्या भाषेत अभिवादन करायचं. पाकीट काढायला खिशात हात घालायचा असेल तर आधी सांगायचं. सिगारेट मागितली तर 'नाही' म्हणता येतं, हसून. लिफ्ट मागितली तर हत्यारबंद माणसाला गाडीत घ्यायचं नाही, काचेवरचं फुलीचं स्टिकर दाखवायचं. आणि गाडीच मागितली तर किल्ली द्यायची, उतरायचं, मागे न बघता चालू लागायचं. लँडक्रूझर दुसरी मिळते. तुम्ही स्वतः तो पोरगा व्हा, हातात काठी घ्या, आवाज चढवा, आणि प्रत्येक स्वयंसेवकाकडून हे दोनदा करून घ्या. 'मिलिटरीवाले' म्हणून हसणारे त्या दिवशी हसायचे थांबतील. बऱ्या संस्था नव्या लोकांना पाठवण्याआधी असं तीन-चार दिवसांचं प्रशिक्षण देतात. तुमच्याकडचे किती जण ते घेऊन आलेत, ते मनुष्यबळ विभागाला विचारा.

बायांच्या सुरक्षेबद्दल पुरुष सुरक्षा अधिकारी बोलायला लाजतात, म्हणून मीच काढते. ११ जुलै २०१६ला जुबातल्या टेरेन हॉटेलमध्ये घुसून सैनिकांनी परदेशी मदत कर्मचारी बायांवर सामूहिक अत्याचार केले, आणि एका स्थानिक पत्रकाराला सगळ्यांसमोर मारलं. ते बंडखोर नव्हते, सरकारी गणवेशातले होते. संयुक्त राष्ट्रांचा तळ मैलभराच्या आत होता, फोन गेले, निरोप गेले, तळावरून कुणी आलं नाही. पुढे चौकशी झाली, शांतिसेनेच्या सेनापतीला पद सोडावं लागलं, २०१८ मध्ये दहा सैनिकांना शिक्षा झाली. तुमच्यासाठी त्यातलं घेण्यासारखं हे, की 'गरज पडली तर शांतिसेना येईल' ही ओळ योजनेत असेल तर खोडून टाका. आली तर आनंद आहे. आणि दवाखान्यात अत्याचारानंतर द्यायची औषधं तुमच्या स्वतःच्या माणसांसाठीही राखून ठेवलेली असावीत. एचआयव्ही टाळणारी गोळी ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते, जुबाहून मागवेपर्यंत ते तास निघून जातात. ती कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे, हे प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी माहीत असावं. सांगायला एखादी बाई डॉक्टर पुढे करा.

अपहरणाचं थोडक्यात. जून २०१६ मध्ये काबूलमधून कोलकात्याच्या ज्युडिथ डिसूझा यांना पळवलं, २३ जुलैला त्या सुखरूप परत आल्या. केनियातल्या दादाबच्या छावणीतून ऑक्टोबर २०११ मध्ये नेलेल्या दोघी स्पॅनिश कर्मचारी सुटल्या जुलै २०१३ला. म्हणजे हे किती चालेल याला धरबंध नाही. प्रत्येक स्वयंसेवकाकडून एका बंद पाकिटात चार प्रश्न आणि त्यांची उत्तरं लिहून घेतात, ओलीस जिवंत आहे हे पटवायला. उत्तर इंटरनेटवर सापडणारं नको. आईचं माहेरचं आडनाव, शाळेचं नाव, कुत्र्याचं नाव, हे सगळं फेसबुकवर असतं. तुमचंही पाकीट द्या. 'आखाजीला आमच्याकडे झोका कुठं बांधायचे?' असा प्रश्न चांगला, आणि उत्तर तुमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नसावं. बोलणी तुम्ही करायची नाहीत. संस्थेचं पथक असतं, ते करेल. घरच्यांनी टीव्हीवाल्यांशी बोलायचं नाही, कारण प्रत्येक मुलाखतीनंतर किंमत वाढते.

म्हणूनच तो फ्लेक्स आजच्या आज उतरवा. मित्रांना वाईट वाटेल, वाटू दे. तुमचा फोटो, संस्था, देश हे एका जागी छापलेलं आहे, आणि कुणीतरी तो फ्लेक्स मोबाइलवर टाकलेलाच असणार. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरूनही काढायला सांगा. स्थानिक पेपरवाल्याला 'पारोळ्याचा सुपुत्र' म्हणून मुलाखत हवी असेल तर निवृत्त होऊन आलात की द्या.

आता वहिनींचं. त्या 'घरच ऱ्हा' म्हणतात त्याला 'काही होत नाही' हे उत्तर देऊ नका. फौजीच्या बायकोने ते आयुष्यभर ऐकलेलं असतं. त्यांना कामाची माहिती द्या. फोन किती दिवस बंद असला तर काळजी करायची आणि किती दिवस ते नेहमीचं. संस्थेकडून नेमका कोण फोन करेल, त्याचं नाव, तो हिंदीत बोलेल की इंग्रजीत. इंग्रजीत असेल तर मुलाचा नंबर दुसरा द्या. जुबात भारताचा दूतावास आहे, तिथं नोंदणी केली आहे ना ते तपासा. जुलै २०१६ मध्ये जुबात लढाई पेटली तेव्हा 'संकटमोचन' मोहिमेत वायुदलाची विमानं दीडशेच्या वर लोकांना घेऊन आली. अशा वेळी दूतावासाकडे तुमचं नाव आणि चालू नंबर आधीपासून असलेला बरा. परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल २०१५पासून आहे, तिथं तक्रार कशी नोंदवायची ते मुलाला दाखवून ठेवा.

जाऊ की नको, याचं उत्तर मी तुमच्या मुलाच्या फीवर ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. निघायच्या आधी साहेबांना एक ईमेल लिहा आणि तीनच गोष्टी विचारा. गाडी थांबवायचा आणि पावसाआधी संख्या कमी करायचा अधिकार तुम्हाला लेखी आहे का. शंभर स्थानिक लोकांची नावं योजनेत आहेत का. आणि विमा. विम्याची प्रत मागवाच, नुसतं 'आहे' म्हणाले तर चालणार नाही. साध्या अपघात विम्यात युद्ध, बंड यातून झालेली हानी बहुधा वगळलेली असते, म्हणजे तुमच्या कामातला मुख्य धोकाच बाहेर. ती जोखीम धरलेला वेगळा विमा लागतो, त्यात विमानाने बाहेर काढण्याचा खर्च, नंतरच्या उपचारांचा खर्च आणि वारसाचं नाव बघा. वारस म्हणून वहिनींचं नाव आधार कार्डावर आहे तसंच, अक्षर न चुकवता लिहिलेलं असावं. हे तिन्ही कागद आले तर जा, तुमच्यासारखा माणूस तिथं हवा आहे. नाही आले तर तारीख पुढे ढकला. तिकीट संस्थेनेच काढलंय, बदलायचे पैसे त्यांचे जातील.